संगणकातल्या माणसाचा गुडघा

पूर्वाचं पत्र येऊन पावसाळा उलटला, तरी श्यामरावांनी उत्तर दिलं नव्हतं. हे निवृत्त ग्रंथपाल गृहस्थ फोनवर बोलायला बिचकतात, हे ठाऊक असल्यामुळेच तिनं पत्र लिहिलं होतं. लहानपणी ती त्यांच्या कसबा पेठेतल्या वाचनालयात पडीक असायची. आता ती एका हॉलमधल्या कृत्रिम भिंतीवर चढाईचे मार्ग आखते. प्लास्टिकच्या पकडी कुठे बसवायच्या, हे आधी संगणकातल्या माणसाला चढवून बघते.

‘काका, ज्येष्ठांसाठी सकाळचा वर्ग काढलाय, पण लोक एकदा येतात ते परत येत नाहीत. तुमची उंची, हातांची पोच कळवाल?’

आपल्या मापांनी कुणाचं काय भलं होणार, असं श्यामरावांना वाटत राहिलं.

“वर्ग बंद होतोय म्हणे तिचा,” त्यांच्या पत्नी सुंदराबाई एके दिवशी चहा ठेवत म्हणाल्या. “महिनाअखेर. तुम्ही करा हो विचार सावकाश.”

दुसऱ्याच सकाळी ते तिच्या हॉलवर गेले. संगणकाच्या पडद्यावरचा माणूस सरसर वर चढला.

“ताकद निम्मी केलीय त्याची,” पूर्वा त्यांच्या कमरेला दोर बांधत म्हणाली. “पकडीही जवळ आणल्यात.”

श्यामरावांचा हात सहज पोचला. पाय मात्र अर्ध्यावर अडला.

“थकलात, काका?”

“हो” म्हणून उतरावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. “सगळे इथेच थकतात,” पूर्वा हिरमुसून म्हणाली. “आणखी किती ताकद कमी करू?”

श्यामरावांच्या एकदम लक्षात आलं. सगळे भिडेपोटी तेच सांगून गेले होते.

“थकलो नाही गं,” ते भिंतीकडे बघतच म्हणाले. “गुडघा वाकत नाही. तुझ्या माणसाचा वाकतो तसा.”

पूर्वा पडद्याकडे वळली. “त्याचे गुडघे माझ्या मापाचेत, काका. बदलायचं सुचलंच नाही. तुम्हाला पाय किती उचलता येतो?”

“लिहून कळवतो,” श्यामराव पुटपुटले.

घरी सुंदराबाईंनी शिवणाची टेप आणली. श्यामराव भिंतीला धरून उभे राहिले.

“एवढाच?”

“एवढाच.”

“म्हणजे खाली जेवायला न बसणं हे नाटक नव्हतं तर.” मग सुंदराबाईंनी टेप श्यामरावांच्या हातात दिली आणि स्वतःचा पाय उचलला. “माझंही लिहा. तिथे कसले बूट लागतात, तेही विचारा.”

श्यामरावांनी लिहिलं, ‘तुझ्या पत्रात न विचारलेलं एक माप पाठवतोय, दोघांचं.’ फाडून पुन्हा लिहावं असं नेहमीप्रमाणे वाटलं. पण तसं करण्याआधीच त्यांनी चपला घातल्या आणि शनिवार पेठेतल्या टपालपेटीत पाकीट टाकलं.