बेअरिंगला अक्षता

दसऱ्याच्या सकाळी मागचं चाक हातानं फिरवून पाहिलं आणि आतून 'कर्रर्र' असा आवाज आला, तेव्हा कमलाकांत वकिलांनी हातातला पाना फरशीवर आपटला.

गाडी दोन माणसांची, उघड्या टपाची, जुनी विलायती. अख्ख्या अमरावतीत तिचं नाव होतं, पण ती रस्त्यावर कमी आणि जॅकवर जास्त. यंदा मात्र अनुपमाताईंनी नवऱ्याला निक्षून सांगितलं होतं, "दसऱ्याले माह्या बहिणीकडं अकोल्याले सोनं द्यायले याच गाडीनं जायचं. नाही गेलो, तं आपला पोरगा सौमित्र गिऱ्हाईक आणून राहिला, त्याले देऊन टाका."

वकिलांचा तर त्या गाडीत जीव, आणि जीव खाणारीही तीच. दुरुस्तीच्या पहिल्या खेपेला मागच्या ॲक्सलचं ऑइल सील उलटं बसलं, सगळं तेल ब्रेकवर. दुसऱ्या खेपेला शाफ्टवर आधी बेअरिंग धरून ठेवणारी प्लेट ओवायची विसरून बेअरिंग दाबून मोकळे झाले; ते काढताना फुटलं. तिसऱ्या खेपेला शाफ्टवर नवं बेअरिंग नीट चढलं, लाल ग्रीस भरलं, आणि आडवी आली खंडेनवमी! पाने-हातोड्या पाटावर पूजेला, शाफ्ट तसाच उघडा बाजूला. दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वकील दिवसभर घरात चरफडत फिरले, आणि दसरा उजाडताच त्यांनी शाफ्ट गाडीत बसवला.

"साजिद, खोल पुन्हा!"

साजिद त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. बडनेरा रोडला त्याचं गॅरेज. त्यानं शाफ्ट बाहेर ओढला, बेअरिंगमधलं ग्रीस बोटावर घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"कमल, बेअरिंगमंदी तांदूळ कावून भरले बे?"

वकिलांचं डोकंच फिरलं. "अनुपमा! याच्यावर अक्षता कोणी टाकल्या?"

"मी टाकल्या." अनुपमाताई दारात आल्या. "हातोडीले हळदकुंकू, पान्याले हळदकुंकू, आन् ज्याच्यापायी तुमी मरून राहिले त्याले काहीच नाही? गेले असतील चार दाणे आत."

"अगं, तूच तर गाडी विकायला निघालीस ना!"

"मंग काय करू? तीस वर्षांत एक पाना तरी धरू दिला का मले? जवळ गेली की ओरडता. मले वाटलं, देवाचं नाव घेऊन एकदा तरी मले कामाले सोबत बसवाल."

वकील चांगलेच तापले होते, पण राग काढायचा कुणावर तेच कळेना.

"काढताना सील बी कापलं गेलं," साजिद रॉकेलचं घमेलं ओढत म्हणाला. "आज दुकानं बंद. अकोल्याचं काही खरं नाही."

म्हणजे गाडी गेलीच. वकील मट्कन खाली बसले.

अनुपमाताईंनी दसऱ्याच्या नव्या लुगड्याचा पदर खोचला आणि घमेल्यापाशी येऊन बसल्या. "बहिणीले फोन लावून सांगा, सोनं दोन दिवसांनी आणतो. सौमित्रलेही सांगा, गिऱ्हाईक आणू नको. आन् हे दाणे कसे काढायचे, ते दाखवा."

"अगं, रॉकेलचे डाग—" वकील सवयीनं ओरडायला गेले. मग सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.