गळ्यापर्यंत भरलेला डबा

मी एक जुना प्लास्टिकचा डबा आहे. पाच लिटरचा, अरुंद तोंडाचा, धरायला वर एक कान. मित्रांनो, माझ्यात एके काळी शेंगदाण्याचं तेल होतं, हे आता वासावरूनही कळायचं नाही. तेल संपल्यावर राहुरीजवळच्या एका वस्तीवर बन्सीआबांनी मला राखेने घासलं, झाकण घट्ट पिळलं, आपल्या सात वर्षांच्या पोराच्या, गहिनीनाथच्या पाठीवर दोराने बांधलं आणि आम्हा दोघांना विहिरीत ढकललं. माझा खरा जन्म तिथला.

पोटात नुसती हवा, एवढाच माझा गुण. त्याच्या जोरावर वस्तीवरची बावीस पोरं पोहायला शिकली. हातपाय चालायला लागले की पोरं मला काठावर फेकून देत. मास्तरांचं तसंच असतं, म्हणून मी रागावलो नाही.

पुढे विहिरीवर जाळी बसली आणि मी पाणी भरून मोरीत उभा राहिलो. गहिनीनाथचं चांगुणाशी लग्न झालं, त्यांना स्नेहल झाली. गेल्या मे महिन्यात स्नेहलने समुद्र पाहायचा हट्ट धरला.

"ष्टीत बायांना अर्धं तिकीट हाय," चांगुणा म्हणाली. "भाकरी घरच्या, पानी घरचं. जाऊन लगेच माघारी."

घरचं पाणी वाटेतच संपलं होतं; अलिबागच्या स्टँडवर तिने मला नळाखाली धरलं आणि परतीपर्यंत पुरावं म्हणून गळ्यापर्यंत भरलं.

किनाऱ्यावर ओहोटी लागली होती. जाळं झाडत बसलेले एक कोळीकाका म्हणाले, "दादा, आता आत नका जाऊ. पाणी ओढतंय."

"आमी मुळा धरनात पोहणारी मानसं," गहिनीनाथ हसला. "हितं तर छातीएवढंबी न्हाई."

"धरणाचं पाणी बसलेलं असतं. हे चालतं."

"ऐका की वो त्यांचं," चांगुणा म्हणाली.

"तू भाकरी सोड. आलोच," म्हणत तो पाण्यात शिरला.

विहिरीत दमलं की सरळ काठाकडे हात मारायचे, एवढंच तो माझ्याकडून शिकला होता. समुद्रातही त्याने तेच केलं. तो हात मारी आणि पाणी त्याला मागे नेई.

"आई," स्नेहल म्हणाली, "पप्पा मागंमागं का चाललेत?"

चांगुणाच्या हातातली भाकरी वाळूत पडली. काका जाळं टाकून धावले. "तो डबा रिकामा कर, पोरी. लवकर."

चांगुणाने मला उलटं केलं. मित्रांनो, माझं तोंड अरुंद. पाणी डबडब करत घोटाघोटाने पडत होतं. बावीस पोरांना तरंगवणारा मी, माझ्या पहिल्या शिष्यासाठी धोंडा झालो होतो. चांगुणा मला हलवत होती, दाबत होती, बुक्क्या मारत होती.

"आटप रं बाबा," ती मला म्हणाली. "त्यांचं डोकं दिसंना झालंय."

मी कधी कुणाची विनवणी केली नव्हती. त्या दिवशी माझ्याच पोटातल्या पाण्याची केली.

शेवटचा घोट पडला. काकांनी झाकण पिळलं आणि मला काखेत धरून उडी घेतली. "सरळ नको येऊ," ते ओरडत होते, "आडवा हो, किनाऱ्याच्या कडेकडेने!" मला समोर फक्त फेस दिसत होता. मग माझ्या कानाला पाच बोटं लागली. विहिरीतल्या पहिल्या दिवशी गहिनीनाथने पाठीमागे हात नेऊन लावली होती, तशीच घट्ट.

आम्ही किनाऱ्याला लागलो ते खूप लांब, खडकांपाशी. गहिनीनाथ बराच वेळ नुसता ओकत होता. स्नेहलला तहान लागली होती, पण तिने पाणी मागितलं नाही.

मित्रांनो, समुद्रावर जरूर जा. घरच्या भाकरीने सहल उणी होत नाही. पण पाण्यात उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, आणि त्याचं ऐका. आणि माझ्यासारखा एखादा जुना डबा बरोबर असला, तर त्याला रिकामा राहू द्या.

या मे महिन्यात आम्ही पुन्हा निघालो. पाण्याचा दुसरा डबा गहिनीनाथच्या हातात होता. एस्टीत मी चांगुणाच्या मांडीवर, झाकण घट्ट, कानाला दोर. शेजारची बाई हसून म्हणाली, "रिकामा डबा कशाला वो मिरवता?"

चांगुणाने मला जरा जवळ ओढलं.

"रिकामा न्हाई," ती म्हणाली. "ह्यात आमचा मानूस हाय."