संध्याला सांगायचं होतं ते

स्लॅब पडला तेव्हा सुवार्ता स्वयंपाकघरात होती, म्हणून वाचली. त्यानंतर जो भेटेल तो तिला हेच सांगत होता. प्रभूने राखलं गं तुला, चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणायच्या आणि तिचे हात हातात घ्यायच्या. सुवार्ता हात सोडवून घ्यायची आणि चालायला लागायची.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या चार मजली जुन्या बिल्डिंगीत ती आणि तिचा नवरा शमुवेल तिसऱ्या मजल्यावर राहत. पहिल्या मजल्यावर संध्या आणि राजरत्न. दोघी बायका घरी बसून जीन्सचे धागे कापायचं काम करत. गठ्ठे आले की दुपारी संध्या आपला गठ्ठा उचलून वर यायची, कारण सुवार्ताच्या खोलीत उजेड चांगला होता. अकरा वर्षं हे असंच चाललेलं. बुद्धपौर्णिमेला खीर ढवळायला सुवार्ता खाली, नाताळात करंज्या तळायला संध्या वर.

त्या गुरुवारीही संध्या आली, खिडकीपाशी मांडी घालून बसली. "आज मस्त ऐसपैस झालंय गं," ती म्हणाली. सुवार्ता चहा टाकायला आत गेली. आवाज झाला तो तिला आधी आवाज वाटलाच नाही. पायाखालची फरशी हलली आणि दारातून पांढरा धुरळा आत आला.

संध्याला काढायला दीड तास लागला. मांडीवर आणि बाजूला जीन्सचे गठ्ठे होते म्हणून जीव वाचला, असं काढणारी माणसं म्हणाली. खुब्याचं हाड मोडलं होतं, उजव्या पायात रॉड टाकावा लागला. त्याच संध्याकाळी बिल्डिंग रिकामी करून सील केली.

शमुवेलच्या भावाचा चिखलोलीला नव्या कॉम्प्लेक्समध्ये सातव्या मजल्यावर फ्लॅट होता. दोघं तिथं गेले. पण सुवार्ताला छताखाली बसवेना. जेवताना नजर वर. आंघोळीला गेली तर दार उघडं ठेवायची. जाऊबाईने कुकर लावला आणि शिट्टी झाली की सुवार्ता चपला घालून लिफ्टपाशी. खाली कंपाउंडमध्ये ती फेऱ्या मारायची, पार्किंगपासून गेटपर्यंत, गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत. वॉचमनने एकदा विचारलं, "मॅडम, शुगर है क्या?"

प्रार्थनाही होत नव्हती. 'हे प्रभू' म्हटलं की पुढे शब्द यायचे ते तिला नको असायचे. मग उठून चालायला लागायची.

रविवारच्या उपासनेत तिने साक्ष द्यावी, असं अंबरनाथच्या मंडळीत ठरलं. देवाने कसं वाचवलं ते चार शब्दांत सांगायचं, मग उपकारस्तुतीचं गीत. साक्ष देणाऱ्यांची यादी अण्णांकडे असायची. अण्णा म्हणजे मंडळीतले जुने वडीलधारे, वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. शनिवारी सकाळी ते स्वतः चिखलोलीला आले. सुवार्ता कंपाउंडमध्येच भेटली.

"बसू या का जरा?" त्यांनी बाकाकडे बघत विचारलं.

"नको अण्णा. मला बसवत नाही."

"बरं." ते काठी टेकत तिच्या बरोबरीने चालायला लागले. दोन फेऱ्या झाल्या. त्यांना धाप लागली, पण थांबा म्हणाले नाहीत.

तिसऱ्या फेरीला सुवार्ता म्हणाली, "माझं नाव काढा यादीतून."

"काढतो. कारण सांगशील?"

ती चालतच राहिली. पाण्याच्या टाकीपाशी आल्यावर भिंतीकडे तोंड करून बोलायला लागली. "मंगळवारी सकाळी खाटेवर पांढरी भुकटी होती. मैदा चाळल्यासारखी. मी चादर झटकली. बुधवारी पुन्हा, आणि प्लास्टरचा एवढा तुकडा. यांना दाखवला. हे म्हणाले, बोललीस तर बिल्डिंग रिकामी करायची नोटीस लागेल, मग जायचं कुठं? दिवाळीनंतर बघू. मी गप्प बसले. पण गुरुवारी सकाळी मी खाट हलवली, अण्णा. तिथून उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी लावली. मला भीती वाटली म्हणून. त्या रिकाम्या जागेत संध्या बसली. मी बसू दिलं."

गेटमधून पाण्याचा टँकर आत आला, त्याला वाट द्यायला दोघं बाजूला झाले.

"मला वाटलंच नाही की पडेल," सुवार्ता म्हणाली. "पण खाट तर हलवलीच ना मी? देवाला रोज सांगतेय. माफ कर, माफ कर. काही होत नाही."

"देवाला तू खाट हलवलीस तेव्हाच कळलं," अण्णा म्हणाले. "जिला माहीत नाही तिला सांग."

"ती तोंड बघणार नाही माझं."

"नसेल बघत."

"माझ्यात ताकद नाही, अण्णा."

"आधी ताकद येईल आणि मग मी जाईन, असं म्हणशील तर तू जाणार नाहीस. मी पण कधी गेलो नसतो." कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. "तू निघ. लागेल तेवढी वाटेत मिळते. जास्त मिळत नाही, ते आधीच सांगतो."

मग तिथंच, टँकरच्या घरघरीत, त्यांनी टोपी काढली आणि डोळे मिटले. "प्रभू, ही घाबरली आहे. हिच्याबरोबर जा. आमेन." एवढीच प्रार्थना. सुवार्ताला आणखी ऐकायचं होतं, पण अण्णा रिक्षा बघायला लागले होते.

रविवारी सकाळी मंडळी उपासनेला जमत होती तेव्हा सुवार्ता उल्हासनगरच्या हॉस्पिटलकडे निघालेल्या रिक्षात होती. शमुवेलला तिने निघतानाच सांगितलं होतं. तो पायरीवर बूट घालत होता, एक बूट हातातच राहिला.

"वेडी झालीस? राजरत्नने केस टाकली म्हणजे?"

"टाकली तर टाकली."

"मी पण होतो ना त्यात. मीच म्हणालो होतो गप्प बस म्हणून."

"मग तुम्ही पण या."

तो आला नाही.

वाटेत ती दोनदा रिक्षातून उतरली. एकदा अंबरनाथच्या अलीकडे. एकदा नाक्यावर, काहीच कारण नव्हतं. फूटपाथवर उभी राहून म्हणाली, "प्रभू, पुढच्या सिग्नलपर्यंत." आणि पुढची रिक्षा पकडली. हॉस्पिटलचा जिना चढताना वरच्या कोपऱ्यात ओल दिसली, तिथं पाय अडले. "या जिन्यापुरतं," ती म्हणाली. मोठी प्रार्थना जमत नव्हती. एवढी जमली.

संध्या खिडकीकडच्या बेडवर होती. केस विस्कटलेले, ओठ सुकलेले. सुवार्ताला बघून तिचा चेहरा उजळला. "आलीस होय! दहा दिवस झाले. मला वाटलं तुला पण लागलंय आणि हे माझ्यापासून लपवतायत."

सुवार्ता उभीच राहिली. बसली असती तर सांगता आलं नसतं. सगळं सांगितलं, भुकटी, तुकडा, खाट. मध्ये कुठे रडली नाही.

संध्याने हळू विचारलं, "खाट तू हलवलीस?"

"हो."

"आणि मला तिथं बसू दिलंस."

"हो."

"बाहेर जा."

दारात राजरत्न उभा होता, हातात औषधांची पिशवी. त्याने शेवटचं ऐकलं होतं. बाहेर आल्यावर सुवार्ताने त्यालाही पहिल्यापासून सांगितलं. त्याने दात आवळले. "वहिनी, तुम्ही वाचलात म्हणून मी सगळ्यांना सांगत फिरत होतो, बरं झालं, निदान एकीला तरी काही झालं नाही," तो म्हणाला. "आता जा तुम्ही. मी काहीतरी बोलून बसेन."

ती खाली आली. हलकं वगैरे काही वाटलं नाही. भूक मात्र लागली होती, दहा दिवसांत पहिल्यांदा. समोरच्या गाडीवर तिने उभ्यानेच दोन वडापाव खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. वर बघत का होईना, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली. संध्याने आत बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. राजरत्नची शहाडला कारखान्यात पहिली पाळी असायची. तो दुपारी यायचा, तिच्यासमोरून न बोलता आत जायचा. चौथ्या दिवशी सकाळी आयाबाई बाहेर येऊन म्हणाली, "पेशंटचं कोणी लेडीज आहे का? कूस बदलायचीय, मी एकटी कशी करू?"

सुवार्ता आत गेली. संध्याने नजर दुसरीकडे फिरवली, पण नको म्हणाली नाही. दोघींनी मिळून तिला कुशीवर वळवलं. कळ येऊन संध्याने सुवार्ताचं मनगट धरलं आणि नखं रुतेपर्यंत दाबलं. मग पाठ पुसून घेतली, पावडर लावून घेतली.

"माफ केलं असं समजू नकोस," भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली.

"नाही समजत."

"केस विंचरायचेत. गुंता झालाय."

शमुवेल पुढच्या आठवड्यात आला. राजरत्नपुढे मान खाली घालून उभा राहिला. राजरत्नने त्याला चार गोष्टी सुनवायच्या त्या सुनावल्या, अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जातील अशा. केस टाकली नाही. पण दोन्ही घरांचं पूर्वीचं बोलणं राहिलं नाही, तेही खरं.

महिन्याभराने संध्याला बदलापूरला बहिणीच्या तळमजल्यावरच्या घरी नेलं. सुवार्ता रोज चिखलोलीहून तिथं जायची. आंघोळ घालायची, पायाचे व्यायाम करून घ्यायची. घरात शिरताना वर बघायची सवय गेली नव्हती. फेऱ्या मात्र कमी झाल्या होत्या, मारायला वेळच नव्हता.

एक दिवस वॉकर धरून दारापर्यंत जाऊन आल्यावर संध्या घामाघूम होऊन खुर्चीत बसली. म्हणाली, "तू रोज दाराबाहेर उभी राहून पुटपुटतेस काय? बहीण विचारत होती."

"प्रार्थना."

"माझ्या पायासाठी?"

"ती घरी करते. इथं माझ्यासाठी. आत येता यावं म्हणून."

संध्याने टॉवेलने मान पुसली. "अजून भीती वाटते माझी?"

"वाटते."

"वाटू दे थोडी," संध्या म्हणाली. "उद्या नऊला ये. उशीर केलास तर पाणी जातं इथलं, आंघोळ राहते माझी."