मागे घेतलेला हात

मुनीरचं पत्र आलं ते चौसष्ट साली, आणि नूरुद्दीनने त्याला उत्तर दिलं नाही. दिलं नाही म्हणजे लिहिलंच नाही असं नव्हे. लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं, एक शब्द खटकला म्हणून पुन्हा फाडलं. असं करता करता पाच वर्षं गेली. दुबईच्या खाडीकाठी एका शिपिंग एजंटच्या कचेरीत तो कारकून होता. आठवडाभर मालाच्या याद्या करायच्या आणि शुक्रवारी गाववाल्यांची पत्रं लिहून द्यायची, हे त्याचं आयुष्य. दुसऱ्यांची पत्रं तो एका बैठकीत हातावेगळी करी. स्वतःचं एवढं एक मात्र राहून गेलं.

पत्र लहानसंच होतं. मुनीर चौथीपर्यंत शिकलेला. त्याची प्रत्येक ओळ कागदावर खाली घसरत जाई.

'नूरभाई, सलाम. बानूचं ठरलेलं मोडलं. ते लोक म्हणतात, ज्याने भर मैदानात जोडीदाराला हात दिला नाही त्याची मुलगी आमच्या घरात नको. मी सांगितलं, ते सगळं आधी ठरलेलं होतं. तर हसले. म्हणाले, आता सुटायला गोष्ट रचतोय. तुम्ही जमातीच्या पंचांना दोन ओळी लिहा. गावात माझ्या शब्दाला किंमत नाही, तुमच्या अक्षराला आहे. वर्षभरात सगळं सरळ करतो असं तुम्ही म्हणाला होता. बाकी खैरियत.'

ते 'बाकी खैरियत' नूरुद्दीनला सगळ्यात जास्त टोचे.

या सगळ्याला सुरुवात केली यूनुसने. यूनुस जहाजावर भंडारी होता, म्हणजे स्वयंपाकी. त्याचं जहाज एकदा दुरुस्तीसाठी जपानात कोबे बंदरात महिनोनमहिने अडकून पडलं, आणि तिथे त्याने जोडीच्या कुस्त्या पाहिल्या. दोघांविरुद्ध दोघे. एक आत लढतो, त्याचा जोडीदार कोपऱ्यात दोराबाहेर हात लांबवून उभा. थकलेल्याने त्या हाताला हात लावला की तो बाहेर आणि हा आत. नोकरी सोडून यूनुस दुबईच्या देरा भागात राहिला तेव्हा त्याने खाडीमागच्या रेतीत तसाच आखाडा उभा केला. वाळूच्या गोण्या, त्यांच्यावर जुनं शीड, चार खांब आणि गलबतावरचे दोर.

"कुस्ती कोण बघतो रे?" तो नूरुद्दीनला म्हणाला होता. "जपानी माणूस पुढे काय होतं ते बघायला येतो. आज एकाने दुसऱ्याकडे वाकडं पाहिलं, तर त्याचं फळ दोन वर्षांनी. तिथे कुणाला घाई नाही. तू एवढी पुस्तकं वाचतोस ना? मग बस आणि लिही मला तसं काहीतरी. तीन वर्षं पुरेल असं."

आपल्याला कुठलं जमायला, असं नूरुद्दीनला वाटलं. पण दोन शुक्रवारांत पाऊण वही भरली.

वहीतली जोडी होती मुनीर आणि वली यांची. दोघे बाणकोटच्या खाडीवरच्या एकाच गावचे. दोघे धक्क्यावर ओझी उचलणारे, एका खोलीत राहणारे, एका ताटात जेवणारे. पहिलं वर्षभर त्यांनी जिंकायचं. दुसऱ्या वर्षी एका लढतीत वली मार खाऊन सरपटत कोपऱ्याशी येणार, हात वर करणार, आणि मुनीर आपला हात मागे घेणार. तिसऱ्या वर्षी उलगडा: मुनीरच्या हाताचं हाड त्या दिवशी आधीच मोडलेलं होतं. वलीला ते कळलं असतं तर त्याने मित्रासाठी लढतच सोडली असती. म्हणून मुनीरने दुखणं लपवलं आणि वर्षभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

मुनीरला हे पटत नव्हतं. "नूरभाई, वलीला हात न देणारा मी? लोक थुंकतील माझ्यावर."

"थुंकू देत. वर्षभरच. मग हेच लोक तुला खांद्यावर घेतील. मी लिहून ठेवलंय."

"अरे, मार मी खाणार आणि रडतोय तू!" वली हसून म्हणाला. मग मुनीरही हसला. नूरुद्दीनच्या शब्दाला तो नाही म्हणत नसे.

बासष्ट साली तो शुक्रवार आला. वलीने हात वर केला. मुनीरची आधी बोटं मिटली, मग कोपर मागे गेलं, वहीत होतं तसं. मग पहिली चप्पल आली, आणि पाठोपाठ पंधरा-वीस.

यूनुसने जपानातून एक नियम आणला होता. गोष्ट आखाड्याबाहेरही मोडायची नाही. त्याच संध्याकाळी मुनीरने वळकटी उचलून दुसरीकडे बिऱ्हाड केलं. तो एकटा जेवू लागला. मशिदीत वली समोर आला तर सलामसुद्धा करीना. लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं. मग शंका कसली घ्यायची?

पण गावाने काही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. गावाला सांगितलं नूरुद्दीनने. पुढच्या शुक्रवारी अकरा जण पत्रं लिहून घ्यायला आले, आणि त्यातल्या नऊ जणांनी सांगितलं, "लिहा, मुनीरने वलीला दगा दिला." टाक खाली ठेवून तो म्हणू शकला असता, बाबांनो, थांबा. तो म्हणाला नाही. उलट सांगणारा अडखळला की तो आपल्या पदरचं घाली: आधी बोटं मिटली, मग कोपर गेलं. गावात जुम्म्याच्या नमाजानंतर पत्रं एका ओटीवर मोठ्याने वाचत. एकाच अक्षरातली नऊ पत्रं एकाच बैठकीत वाचली गेली. जन्मात पहिल्यांदा नूरुद्दीनचं स्वतःचं लिहिलेलं कुणी ऐकत होतं, आणि त्याला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटत होतं.

त्रेसष्ट साली यूनुस छातीत कळ येऊन गेला. शीड गलबतावर परत गेलं, दोरही गेले. तिसरं वर्ष वहीतच राहिलं. वली कुवेतला नोकरीवर गेला. सुट्टीत गावी आला की लोक त्याला घरोघर जेवायला बोलवत. तो जेवे आणि गप्प बसे. कुणी त्याला कधी काही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मुनीर गावी गेला तो दगाबाज म्हणूनच.

उत्तर न पाठवण्याला नूरुद्दीनकडे एक चांगलं कारण होतं. आपण रचलं, आपणच खरं म्हणून लिहिलं, असं कबूल केलं तर त्या अक्षरावर पुन्हा कोण विश्वास ठेवील? गावातल्या बाया त्या अक्षरात आपापल्या नवऱ्याचा आवाज ऐकत. कारण चांगलं होतं, म्हणूनच ते पाच वर्षं टिकलं. त्याच्याखाली दुसरं होतं, त्याच्याकडे तो बघत नसे: त्या अक्षरापलीकडे त्याच्याजवळ स्वतःचं असं काहीच नव्हतं.

एकोणसत्तर साली एका शुक्रवारी दुपारी जमाल आला. तिशीचा, धक्क्यावर क्रेनवाल्याच्या हाताखाली काम करणारा, त्याच गावचा. बायको खतीजा गावी.

"लिहा चाचा. खतीजा, सलाम. या वेळी रमजानच्या आधी इन्शाल्ला नक्की येतो. मागच्यासारखं मुनीर करणार नाही."

निब थांबली. "काय करणार नाही?"

"मुनीर. म्हणजे ऐन वेळी हात काढून घेणं. गावात सगळेच बोलतात असं. पोरंसुद्धा खेळताना ओरडतात, ए, मुनीर केलास! तुम्हाला ठाऊक नाही? तुम्हीच तर लिहून कळवलं होतं."

"आणि... त्याची मुलगी? बानू?"

"ती घरीच आहे. आता कोण येणार तिला बघायला? बाप मशिदीत शेवटच्या सफेत, अगदी मागच्या रांगेत उभा राहतो. बाजूची जागा रिकामी असते. केलं ते भोगतोय. यल्ला चाचा, लिहा, पाचला लाँच सुटते. आपल्या गावचा अन्वर घरी चाललाय, त्याच्याजवळ देतो."

नूरुद्दीनने टाक खाली ठेवला. "जमाल, ते खोटं होतं."

"काय?"

"हात मागे घेणं. ते मी लिहून दिलं होतं."

जमाल खो खो हसला. "चाचा, मी दुसऱ्या रांगेत होतो! पहिली चप्पल कुणी फेकली? मी! नवी होती. घरी एका चपलेवर गेलो."

नूरुद्दीन उठला. ट्रंकेच्या तळातून त्याने वही काढली आणि पान उघडून पुढे धरलं. वर तारीख होती, लढतीच्या दोन महिने आधीची. जमालने ओळीखालून बोट फिरवत वाचलं. 'आधी बोटं मिटायची. मग कोपर मागे.' त्याने पान उलटलं. तिसरं वर्षही वाचलं, मोडक्या हाताचं. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

आता हा मुनीरबद्दल काही बोलेल, असं नूरुद्दीनला वाटलं.

"माझ्या पत्रांतही घातलंत का असं?" जमालने विचारलं.

"नाही रे."

"खतीजा म्हणते, मी समोर असतो तेव्हा असं बोलत नाही, पत्रात फार गोड बोलतो. मला वाटायचं, लांब असल्यामुळे होत असेल."

"दोन-चार शब्द, जमाल. शोभेपुरते."

"कुठले?"

पाच वर्षांच्या पत्रांत जमालचं कुठलं आणि आपलं कुठलं, हे नूरुद्दीनला स्वतःलाच वेगळं काढता येत नव्हतं.

जमालने अर्धा लिहिलेला कागद मेजावरून ओढून घेतला. "खलास चाचा. मी अन्वरकडे तोंडी निरोप देतो. सगळंच सांगतो त्याला."

तो गेल्यावर दुसरं कुणी आलं नाही. एरवी शुक्रवारी दुपारी दारात चपलांचा ढीग असे.

मग नूरुद्दीनने उत्तर लिहिलं. या वेळी एकही शब्द खटकला नाही.

'जमातीस सलाम. मुनीरने हात मागे घेतला तो मी घ्यायला सांगितला म्हणून. त्याला नको होतं. वर्षभरात उलगडा करीन असा शब्द मी दिला आणि पाळला नाही. नऊ पत्रांत दगा म्हणून लिहिलं ते मी, खरं माहीत असताना. वही सोबत पाठवतो आहे, तारीख पाहावी.' आणि खाली मुनीरला वेगळी ओळ: 'वर्षभर म्हणालो होतो, सात झाली. तुझं पत्र मला पोचलं होतं.'

शनिवारी सकाळी तो देऱ्याच्या पोस्टात गेला. लाँच आदल्या संध्याकाळीच सुटली होती. हे पाकीट उघडेल तोवर अन्वर ओटीवर बसून सांगून मोकळा झालेला असेल की नूरभाईच्या अक्षरावर विश्वास ठेवू नका, तो मनचं लिहितो. चौसष्ट साली याच दोन ओळींनी बानूचं घर उभं राहिलं असतं. आज त्याच ओळी वाचून कुणीतरी म्हणेल, ही आणखी एक रचलेली गोष्ट.

खिडकीतल्या माणसाने पाकीट काट्यावर टाकलं. "इसमें क्या है?"

"वही है. पुरानी."

नूरुद्दीनने तिकिटं चिकटवली. पाकीट खिडकीतून आत सरकवताना त्याची बोटं एकदा मिटली. मग त्याने ती उघडली, आणि आतल्या माणसाने पाकिटावर शिक्का मारला.