सासऱ्यांच्या पाच पावलं मागे

माझे सासरे म्खोखेली सिबांडा यांना नीट दिसत नाही, हे मला तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्येच कळलं होतं. शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी जनावराचा माग काढणं हे आम्हा दोघांचं काम. पूर्वी माग काढताना ते ताठ चालायचे, काठीच्या टोकाने खुणा दाखवत. आता वाकायला लागले होते. कुणाचं लक्ष नाही असं बघून खुराच्या ठशातून बोटं फिरवायचे. मी बायकोला सांगितलं तर सिथेम्बिले म्हणाली, "कुणाजवळ बोलू नकोस. बाबांना रानातून काढून घरी बसवलं ना, तर पावसाळा बघायचे नाहीत ते." शिवाय आमच्यात जावयाने सासऱ्याच्या नजरेला नजरसुद्धा द्यायची नसते. त्यांच्या नजरेबद्दल मी काय बोलणार?

सप्टेंबरात डेन्मार्कचा एक पाहुणा आला. त्याला शिकारीला सेबल हवा होता. सेबल म्हणजे हरणाच्याच कुळातला, पण घोड्याएवढा. नर काळाकुळकुळीत, तोंडावर पांढरे पट्टे, शिंगं मागे कोयत्यासारखी वळलेली. त्या शिंगांनी फाडलेली सिंहीण मी पाहिली आहे. पाहुण्याचा हात ऐन वेळी हलला आणि गोळी मागे, पोटात लागली. नर पाठ वाकवून एकदा उसळला आणि मोपानीच्या झाडीत दिसेनासा झाला.

पाहुण्यांना रानात नेणारा आमचा शिकारी म्हणजे क्लाईव्ह. जखमी जनावर थकावं म्हणून त्याने तासभर थांबायला लावलं. मग आम्ही निघालो. रक्त काळपट होतं, त्यात चघळलेल्या गवताचे तुकडे. पाहुणा ते बघून पांढराफटक पडला. क्लाईव्हने त्याला एका माणसाएवढ्या वारुळामागे बसवलं.

"तुम्ही इथेच थांबा. मी हाक मारीपर्यंत हलायचं नाही."

पुढे ओढ्याकाठचं वाळलेलं गवत होतं, छातीपर्यंत उंच. पोटात गोळी लागलेला सेबल लांब जात नाही. आपल्याच मागाकडे तोंड करून बसतो आणि वाट बघतो. हे मला याच सासऱ्यांनी शिकवलं होतं. माझी जीभ टाळूला चिकटली.

"बाबा, मी पुढे होऊ का?"

"का? मी मेलोय?" ते मागे न बघताच म्हणाले. "की जावईबापूंना घाई झालीय? पाय लटपटत असतील तर पाहुण्याशेजारी बस जा. दोघं मिळून रडा."

क्लाईव्ह हसला. मी मागे झालो.

सासरे पुढे, पाच पावलांवर मी, माझ्यामागे बंदूक घेऊन क्लाईव्ह. वारा पडला होता. गवताच्या काड्या पायाखाली मोडत होत्या. सासरे वाकले, एक पातं चिमटीत धरून नाकाशी नेलं, आणि सरळ चालायला लागले.

तेव्हा मला तो दिसला. वीस पावलांवर, गवताच्या आत दोन पांढरे पट्टे आणि त्यांच्या मधोमध ओलं काळं नाक. तो आमच्याकडेच बघत होता. सासरे थेट त्याच्या तोंडात चालले होते.

मी ओरडायला हवं होतं. पण मनात आलं, त्यांनाही दिसला असेल. नसेल, तर मी ओरडल्यावर क्लाईव्हला सगळं कळेल. एवढा विचार करायला एक श्वास लागला. त्या एका श्वासात गवत फुटलं.

मी पळालो. हे मी आजवर कुणापासून लपवलेलं नाही. दहा-बारा पावलं पळालो असेन, तेवढ्यात सासऱ्यांची किंकाळी ऐकू आली आणि पाय आपोआप थांबले. वळून बघितलं. ते उताणे पडले होते, मांडीतून रक्त वाहत होतं. सेबल पुढचे गुडघे टेकून त्यांच्यावर डोकं रेटत होता आणि त्यांनी त्याची शिंगं बुडाशी गच्च धरली होती.

"मला मारता येत नाहीये!" क्लाईव्ह ओरडत होता. "म्हातारा मध्ये आहे!"

मी परत कसा गेलो, ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं, की माझी काठी त्या काळ्या पाठीवर मोडली आणि मी आईच्या नावाने ओरडत होतो. सेबल उठला, गर्रकन माझ्याकडे वळला. त्याच्या श्वासाची ऊब माझ्या छातीला लागली. मग बंदुकीचा आवाज झाला आणि तो माझ्या पायाशी कोसळला. मीही खाली बसलो.

दवाखान्यात सासऱ्यांची जखम शिवायला दोन तास लागले. चौथ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"झेन्झो, तुला दिसला होता?"

"हो, बाबा."

"मग हाक का नाही मारलीस?"

मी जमिनीकडे बघत राहिलो. "लाज वाटली."

"कुणाची?"

"तुमची. म्हणजे, लोकांसमोर..."

"दोन वर्षं झाली नीट दिसत नाही," ते म्हणाले. "मी पण लाजच धरून बसलो. गाढव आहोत दोघं. जा, क्लाईव्हला आत पाठव. मीच सांगतो त्याला."

आता ते घरी असतात. लंगडतात, नातवंडांवर खेकसतात. पावसाळेही तीन बघून झाले. रानात पुढे मी चालतो. उंच गवत लागलं की अजून माझी जीभ टाळूला चिकटते. पण काही हललं, नुसती सावली जरी हलली, तरी मी ओरडतो. पाहुणे हसतात. हसू देत.