सिस्टीमप्रमाणे शेल्फवर

मी विशालाक्षी. तंजावूरच्या एका खाजगी शाळेत एकवीस वर्षं लायब्ररी सांभाळली. हरिप्रियाला मी कधी परकी मानलं नाही, आणि माझ्या मूर्खपणाचं मूळ तिथंच आहे.

ती तीन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरची टीचर म्हणून आली. पहिल्याच आठवड्यात मी फोनवर घरच्यांशी मराठीत बोलत होते, ते ऐकून तिनं मागून "अक्का" म्हणून हाक मारली आणि मराठीतच बोलू लागली. झालं, मी विरघळले. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांची ही खोडच आहे. तमिळ सगळ्या गावाची, मराठी फक्त घरची. म्हणून जो मराठी बोलतो तो घरातला, असं आम्ही धरूनच चालतो. स्टाफरूममध्ये दहा माणसांसमोर आम्ही दोघी त्याच दहा जणांची उणीदुणी काढायचो आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. यंदाच्या पोंगललाही ती माझ्याकडेच जेवली.

टॅब्लेटची कल्पना तिची. मी आधी नाक मुरडलं होतं. प्रत्येक पुस्तकावर एक कोड चिकटवायचा. तो टॅब्लेटनं स्कॅन केला, की ते पुस्तक वाचलेल्या एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा आवाज मिनिटभर गोष्ट सांगतो आणि ऐन रंगात आली की थांबतो. पापनाशमहून बसनं येणारी दहावीतली कीर्तना यात सगळ्यांत पटाईत. विहिरीतून एक हात वर आला, एवढं सांगून ती गप्प व्हायची. त्या पुस्तकावरून सातवीतल्या दोघींनी एकमेकींच्या वेण्या ओढल्या. पुस्तकावरून माझ्या खोलीत आजवर कधी भांडण झालं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी रागवायचंच विसरले.

घोळ एकच होता. पुस्तक घरी न्यायचं तर पुन्हा स्कॅन करायचं, आणि ते केलं की आईवडिलांच्या फोनवर मेसेज जायचा. पहिल्याच मेसेजला कीर्तनाच्या अप्पांनी घर डोक्यावर घेतलं. दहावीचं वर्ष, आणि गोष्टी कसल्या वाचतेस? ती रडत आली. मी म्हटलं, स्कॅन करू नकोस, तशीच घेऊन जा. तिच्या मागून बाकीची मुलं आली. कोण काय घेऊन गेलंय ते माझ्या डोक्यात असायचं, आणि एकही पुस्तक कधी हरवलं नाही.

हे सगळं मी हरिप्रियाला सांगितलं होतं. स्टाफरूममध्ये, कॉफी पिता पिता, अर्थात मराठीत. ती हसली.

"अस्कं ठाऊक आहे मज, अक्का," ती म्हणाली. आमच्या बोलीत अस्कं म्हणजे सगळं. "आकड्यांचं मी पाहून घेतें. तुम्ही पोरांस पुस्तकं द्या."

पाहून घेतलं तिनं. पोंगलची सुट्टी संपली आणि शाळेचा कारभार पाहणाऱ्या कृष्णस्वामींनी मीटिंग बोलावली. भिंतीवर हरिप्रियाचा तक्ता झळकला. पुस्तकांविषयी ऐकलं, चार हजार वेळा. पुस्तक घरी नेलं, एकसष्ट वेळा. म्हणजे मुलांना ऐकायला हवं आहे, पुस्तकं नको आहेत. तेव्हा शेल्फं काढून तिथं डिजिटल हॉल करायचा, त्याची प्रमुख हरिप्रिया. पुस्तकं खोक्यांत भरून गोडाऊनला, आणि मी परीक्षा विभागात. विहिरीतून हात वर आल्यावर पुढं काय, हे कुणी विचारलं नाही.

खरं मी सांगितलं असतं, तर त्यांनी नावं मागितली असती आणि घरोघरी फोन गेले असते. कीर्तनाची बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. पण हरिप्रिया नाव न घेता सांगू शकली असती. तक्ता तिचाच, तिचं सगळ्यांनी ऐकलं असतं. मी टेबलापलीकडून तिला मराठीत म्हटलं, "हरी, तो आकडा अपुरा आहे हें तुज ठाऊक आहे. नावं नको. तेवढंच सांग."

तिनं मान वर केली नाही.

"तमिळ्ल पेसुंग, मॅडम," ती म्हणाली. "एल्लारुक्कुम पुरियणुम."

तमिळमध्ये बोला, सगळ्यांना कळलं पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबरच होतं की. तीन वर्षांत तिनं मला पहिल्यांदा मॅडम म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कीर्तना जिन्यात भेटली. पुस्तकं परत आणून द्यायची का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आणू नकोस, आणि बाकीच्यांनाही सांग. गोडाऊनमध्ये वाळवीला खाऊ घालण्यापेक्षा तुमच्या दप्तरात बरी.

आठवड्याभरात खोकी भरून झाली. मी ड्रॉवरमधून माझा डबा आणि चष्मा काढत होते, तेवढ्यात हरिप्रिया आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "एकशेअठरा पुस्तकं कमी पडतात. कृष्णस्वामी मज विचारतील. कोणाकडे आहेत, सांगा ना."

अक्का ऐकून मी अजूनही विरघळायला लागले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. ती घाबरलेली होती. जीभ मराठीकडे वळतच होती, ती मी दातांखाली धरली आणि तिला तमिळमध्ये विचारलं, "सिस्टीमप्रमाणे ती पुस्तकं कुठं आहेत, मॅडम?"

मग तीही तमिळमध्येच म्हणाली, "शेल्फवर."

"मग तिथंच असतील," मी म्हटलं.

बाहेर सुतार शेवटचं शेल्फ उतरवत होता. मी डबा घेऊन परीक्षा विभागात गेले. तिथली माणसं चांगली आहेत, पण मराठी कुणाला येत नाही. आता शाळेत मी कुणाशीच मराठीत बोलत नाही.