सव्वीस नंबर गाडीत आहे

मी सव्वीस नंबरचा बिल्ला बोलतोय, आणि भीत भीतच बोलतोय. पितळेची गोल चकती, वर एक भोक आणि मध्ये ठोकलेला आकडा, एवढाच माझा जीव. पण या एवढ्याशा जिवाने एकदा खोटी साक्ष दिली आणि एक म्हातारी उघड्यावर राहिली. ते मनातून जात नाही, म्हणून सांगतो.

नागपूरच्या एका कापड गिरणीसाठी आम्ही शेकड्यांनी तयार झालो. अंगावर आकडा ठोकला तेव्हा जी धडकी भरली, ती अजून गेलेली नाही. गिरणीत आमचं काम हजेरीचं. कामगाराने आत येताना खिडकीतून आपला बिल्ला घ्यायचा आणि खात्यातल्या फळीवर आपल्या खिळ्याला लावायचा. भोंगा झाला की हजेरी कारकून आनंदराव मेश्राम फळीसमोर उभे राहात. खिळा रिकामा दिसला की तो माणूस गैरहजर.

माणसं मोठी हुशार. कुणाचं पोर तापाने फणफणलेलं असे, कुणाची सायकल वाटेत पंक्चर झालेली असे. मग शेजारच्या मागावरचा साचेवाला आपल्याबरोबर त्याचाही बिल्ला हळूच लावून टाकायचा. याला ते लबाडी म्हणत नसत. आज तू माझा लाव, उद्या मी तुझा लावीन, असा तो शेजारधर्म होता. माझी मात्र पाचावर धारण बसायची. माझा माणूस अजून पुलाच्या पलीकडे आणि मी इथे त्याच्या नावाने लटकतोय! आनंदरावांच्या चष्म्यातून असं काही सुटलं नाही, तर दोघांनाही आठ दिवस गेटाबाहेर उभं राहावं लागे.

पुढे गिरणीत छापील कार्डं आली आणि आमची रवानगी पोत्यात झाली. आता भट्टीच, असं मी धरून चाललो होतो. पण आनंदराव त्याच सुमाराला निवृत्त झाले आणि त्यांनी साहेबांकडून आमच्यातले चाळीस मागून घेतले. उत्तर नागपुरातल्या आपल्या वस्तीतल्या लोकांना भाड्याच्या बसने एका दिवसाची सहल घडवायची, हा त्यांचा नवा छंद होता. वाटेत माहितीही तेच सांगत. त्यासाठी वाचनालयात बसून वही भरून आणत.

सहलीतही त्यांनी गिरणीचीच शिस्त लावली. सकाळी प्रत्येकाला एक बिल्ला. परतताना शिट्टी झाली की दाराजवळच्या फळीवर तो लावायचा. चाळीस खिळे भरले की गाडी हलणार, एक जरी रिकामा असला तरी नाही. हे ते निघण्यापूर्वी तीनदा बजावून सांगत.

चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत गाडी पवनीला निघाली. वैनगंगेकाठचं ते जुनं तटबंदीचं गाव. तट, खंदक, दगडी दरवाजा तर पाहायचाच होता, पण वस्तीची खरी ओढ टेकडीची होती. तिथे जमीन खणून जुन्या स्तूपाचे अवशेष काढले होते. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या या घरांना ते दगड स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते.

मी तुळसाबाई गजभियेच्या वाट्याला आलो. साठी उलटलेली, एकटी राहणारी, विड्या वळून पोट भरणारी बाई. तिने मला सेफ्टी पिनेने लुगड्याला लावलं. शेजारी तिच्या गल्लीतली कौसल्या बसली होती. उमरेड येईपर्यंत तुळसाबाईने तिच्या कानात सांगून टाकलं की तिला रातांधळं आहे. दिवेलागण झाली की पुढचं पाऊल दिसत नाही. आनंदरावांना कळलं असतं तर त्यांनी आणलं नसतं, म्हणून कुणाला सांगू नकोस. मी ऐकलं आणि तेव्हापासून सूर्याकडे लक्ष ठेवून राहिलो.

पवनीच्या दरवाजात आनंदरावांनी वही उघडून अर्धा तास माहिती दिली. खंदक किती खोल, तट किती लांब, सगळं आकड्यांत. बायकांचं लक्ष कमानीवरच्या मधमाश्यांच्या पोळ्याकडे होतं. मग टेकडी झाली. तिथे एवढी गर्दी झाली की तुळसाबाईला लोकांच्या पाठीच दिसल्या. मला मात्र खणलेले चर दिसले. सरळ कडांचे, पुरुषभर खोल, आणि कुठेही कठडा नाही. माझं पितळ थंड पडलं.

दुपारी सगळे घाटावर उतरले. हातपाय धुवायला वाकताना मी पाण्यात पडेन, या धास्तीने तिने मला काढलं आणि देवाजीच्या हातात दिलं. देवाजी रामटेके तिचा शेजारी, गिरणीतला साचेवाला, तिला मावशी म्हणणारा.

"धर गा देवाजी, पान्यात पडन हा."

देवाजीने मला सदऱ्याच्या खिशात टाकलं. तो बाकीच्यांबरोबर पायऱ्या चढून दरवाजाकडे निघाला. तुळसाबाई मागे राहिली आणि मग एकटीच टेकडीच्या वाटेला लागली. गर्दी नसताना त्या दगडांपाशी घटकाभर बसावं, असं तिच्या मनात आलं होतं, हे मला मागाहून कळलं. कुणाला सांगायची तिला गरजच वाटली नाही. बिल्ला लागल्याशिवाय गाडी हलत नाही, हे तिने तीनदा ऐकलं होतं.

शिट्टी झाली. आनंदराव फळीजवळ उभे. देवाजीने खिशात हात घातला, आपला सतरा नंबर लावला आणि त्याच झटक्यात मलाही सव्वीसच्या खिळ्यावर लावून टाकलं. विचार करून नाही, हात गेला म्हणून. वीस वर्षांची सवय होती ती. मावशी मागून येतच असेल, उशीर झाला म्हणून म्हातारीला बोलणी कशाला बसू द्यायची, एवढंच त्याच्या मनात होतं. तो मागच्या बाकावर जाऊन बसला आणि डोळे मिटले. बायका पुढे बसलेल्या. कौसल्या पोरीबाळींच्या गाण्यात जाऊन बसली होती. तिला वाटलं, म्हातारी आपल्या जागी असेल.

आनंदरावांनी खिळे मोजले. चाळीस भरले होते. गाडी सुटली.

ती वेळ मी कशी काढली ते मलाच ठाऊक. गाडीत गाणी चालली होती आणि मी खिळ्यावर हेलकावे खात होतो. खिडकीबाहेर सूर्य झाडांना टेकला होता. मला तोंड नाही. एका खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा मी खिळ्यावरून उडून खाली पडलो. वाटलं, आता तरी कुणी विचारेल. आनंदरावांनी मला उचललं, धोतराने पुसलं आणि परत सव्वीसवर लावलं. माणसं आम्हा वस्तूंची किती काळजी घेतात!

भिवापूरला चहासाठी गाडी थांबली. देवाजी दोन कप घेऊन खिडक्यांपाशी मावशीला शोधत फिरला. मग त्याने कप खाली ठेवले. फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. समोर आनंदराव उभे होते. याच माणसाने गिरणीत अशाच कामासाठी कितीजणांना गेटाबाहेर काढलं होतं. देवाजी एक पाऊल मागे सरला. मला वाटलं, हा आता गप्पच राहणार आणि ती तिथेच राहणार. उन्हं तर गेलीच होती.

"आनंदराव, सव्वीस मी लावला. मावशी गाडीत नाही."

आनंदराव रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मग कौसल्या रडत म्हणाली की म्हातारीला अंधारात दिसत नाही. ड्रायव्हरने चहा टाकून गाडी वळवली. देवाजीने मला खिळ्यावरून काढून मुठीत धरलं होतं आणि त्याच्या घामाने मी चिंब झालो होतो.

पवनीला पोचेपर्यंत अंधार पडला. आधी दरवाजापाशी पाहिलं, मग घाटावर. पाण्याकडे बघायची माझी छाती होईना. शेवटी कंदील घेऊन सगळे टेकडीकडे गेले. चराच्या काठापासून चार हातांवर, एका दगडावर तुळसाबाई पाय जुळवून बसली होती. शेजारी गावातली एक बाई, पंचफुला, शेळ्या घरी हाकून तिच्यासाठी पुन्हा आलेली.

पंचफुलाने सांगितलं ते असं. गाडी गेल्याचं तिने म्हातारीला चारदा सांगितलं, घरी चल म्हणून हात धरला, पण म्हातारी जागची हलेना. उलट हिलाच समजावत होती.

"माहा बिल्ला लागल्याबिगर गाडी जातच नाही वं. ते मले हुडकून राहिले असतीन."

ती भ्यायली असती, अंधारात कुठल्याशा आवाजाच्या रोखाने धावली असती, तर पहिल्याच चरात गेली असती. मुळीच भ्यायली नाही म्हणून वाचली. आम्हाला पाहून तर हसली आणि सगळ्यांचा खोळंबा केला म्हणून आनंदरावांना हात जोडले.

गाडी निघाल्यावर देवाजी तिच्या पायाशी खाली बसला आणि त्याने खरं काय ते सांगितलं. न सांगता चाललं असतं. तुळसाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने चाचपडत कौसल्याचा हात शोधला. सापडला तसा तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"तं मंग मी कोनाच्या भरोशावर बसली होती वं तिथं?"

गाडीत चाळीस माणसं होती. उमरेड मागे पडलं तरी तिने कौसल्याचा हात सोडला नव्हता.

त्या आठवड्यात आनंदरावांनी फळी फोडली आणि बिल्ले तांबटाला देऊन टाकले. आता ते सहलीत एकेकाचं नाव घेऊन हाक मारतात आणि माणसाने ओ दिल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. मला तेवढं तुळसाबाईने मागून घेतलं. तेव्हापासून मी तिच्या पदराच्या गाठीत आहे. सहलीला ती पुन्हा कधी गेली नाही. देवाजी रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर दिवा ठेवून जातो.

या पावसाळ्यापासून ती अंथरुणाला आहे. लुगडं धुवायला काढताना कुणीतरी गाठ सोडेल आणि मी त्याच्या हाती पडेन, ही माझी ताजी भीती. तो हात तुमचा असेल तर एवढं ऐका. मला भट्टीत घाला, मी कुरकुरणार नाही. फक्त कुठल्या खिळ्याला लावू नका. लावायचंच झालं तर आधी तिला नावाने हाक मारा, आणि आतून ओ आली तरच लावा.